गाडी डावीकडे ओढते

गुरुवारी सकाळी गोपाळराव हेडाऊ चहा तसाच निवत ठेवून अंगणात उकिडवे बसले आणि गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवरून बोट फिरवू लागले. आधी बाहेरची कड, मग आतली, मग पुन्हा बाहेरची. टायर सगळीकडे सारखाच झिजला होता. दुसरा कोणी असता तर इथेच उठला असता. चाकांचा कोन बिघडला की टायर एका कडेनं आधी झिजतो, हे त्यांनी स्वतः आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला तीस वर्षं शिकवलं होतं. पण गोपाळराव उठले नाहीत. घरात जाऊन टॉर्च घेऊन आले आणि तोच टायर पुन्हा बघत बसले.

गाडी डावीकडे ओढते, असं त्यांचं म्हणणं होतं. चार-पाच महिन्यांपासून ओढते. आपण सरळ चाललोय असं वाटावं आणि डावी चाकं रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरलेली असावीत. फाटकाच्या डाव्या खांबाला ती दोनदा घासली होती, दुसऱ्या खेपेला आरसाच मुडपला होता. आता अशा गाडीचं अलाइनमेंट गेलं नसेल तर काय गेलं असेल? हा प्रश्न ते स्वतःलाच विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पाना हातात घ्यायचे.

गाडी साधी नव्हती. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, छप्पर मागे सरकवता येणारी जपानी स्पोर्ट्स कार. कोळशाच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन गेला, तेव्हा ती उमरेडला ताडपत्रीखाली मरून पडली होती आणि तिच्या बॉनेटमध्ये चिमण्यांचं घरटं होतं. गोपाळरावांनी ती घेतली आणि दोन वर्षांचे सगळे रविवार तिच्यात घातले. विणकराचा पोरगा, सरकारी नोकरी, आणि असलं खूळ! शेजारपाजारचे हसले. मग एका सकाळी गाडी फाटकाबाहेर पडली, गोपाळरावांच्या शेजारी देवकी डोक्याला रुमाल बांधून बसली होती, आणि हसणारे आपापल्या गॅलरीत बघत उभे राहिले. त्याला वीस वर्षं होत आली. देवकी गाडीला 'डबी' म्हणायची. पण त्या डबीत बसून ती रामटेकला गेली, पचमढीला गेली, भिवापूरहून वर्षाची मिरची पायाशी ठेवून शिंकत शिंकत घरी आली.

आता ती बसत नव्हती. गाडी बुटकी, गुडघे दुखतात, असं म्हणायची. गोपाळरावांना ते पटलं होतं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

घाई होती ती रविवारची. रविवारी उमरेडला देवकीच्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता आणि देवकीनं बसनं जायचं ठरवून टाकलं होतं. आपल्या माणसांसमोर आपली बायको बसमधून उतरणार आणि आपण मागून गाडीतून एकटे येणार, हे चित्र गोपाळरावांच्या डोक्यातून जाईना. त्यांच्या हिशेबानं गाडी शनिवारपर्यंत सरळ चालायलाच हवी होती. ती सरळ चालली की देवकीचे गुडघेही बरे होतील, असं त्यांना का वाटत होतं, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारचा दिवस असाच गेला. त्यांनी चारही चाकांची हवा तीनदा मोजली. पुढचे टायर, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, लावून पाहिले, कारण टायरमध्येच दोष असेल तर ओढणं बाजू बदलतं. बाजू बदलली नाही. ब्रेक चिकटतोय का म्हणून चक्कर मारून आल्यावर चाकांना हात लावून पाहिला. चारही चाकं सारखीच कोमट होती. जेवायला बसले आणि अर्ध्या पोळीवरून उठले. दुपारी आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला अंगणात दिसले.

"अवो, बसा ना एका जागी," देवकी म्हणाली. "घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरून राहिले."

"गाडीत फॉल्ट हाये. सापडून नाही राहिला."

देवकीनं ओला कपडा झटकला आणि तारेवर टाकला.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून रितिका आली. एकुलती एक मुलगी, तेहतीस वर्षांची. गाडी चालवायला ती ह्याच लाल गाडीवर शिकली होती. तिनं बॅग ठेवली, फाटकाच्या खांबावरचा लाल रंग नखानं खरवडून पाहिला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला बाबा, कुठे न्यायची ते नेऊ. मी येते."

न्यायची होती वाडीला. तिथे अमरावती रोडवर, ट्रकच्या गोदामांच्या ओळीत, बंटीचं अलाइनमेंटचं दुकान होतं. बंटी पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ, पण वाडीत त्याला दुसरं नाव नव्हतं. एके काळी तो गोपाळरावांच्याच वर्गात शिकला होता.

अख्खं शहर ओलांडून जाताना रितिका डाव्या सीटवर बसली होती. रविनगरच्या पुढे ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ऑटो."

"पाह्यला," गोपाळराव म्हणाले. त्यांनी तो पाहिला नव्हता. ऑटो एकदम बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात उगवला, हॉर्न वाजवत निघून गेला, आणि गोपाळरावांच्या तोंडून सवयीनं निघालं, "कुठून आला हा?"

हे वाक्य त्या वर्षात त्यांच्या तोंडून बरेचदा निघालं होतं. सक्करदऱ्याच्या चौकात एक सायकलवाला असाच कुठून तरी आला होता. त्याला लागलं नाही, फक्त तो सायकलसकट फुटपाथला टेकला आणि त्यानं गोपाळरावांच्या तीन पिढ्या उद्धारल्या. तेव्हा देवकी शेजारी होती. तिनं दाराची कडी घट्ट धरली होती. पुढच्याच आठवड्यात तिचे गुडघे दुखायला लागले होते.

बंटीनं चारही चाकांना पकडी लावल्या आणि मशीनच्या पडद्याकडे बघत राहिला. गोपाळराव त्याच्या खांद्यावरून डोकावत होते, मग समोरून डोकावले, मग गाडीखाली वाकले.

"काकाजी, सगळं हिरवं हाये," बंटी म्हणाला. "एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मी काय करू? कराले काहीच नाही."

"पुन्हा लाव."

बंटीनं पुन्हा लावलं. पुन्हा हिरवं. मग तो स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर निघाला, गोपाळरावांना शेजारी बसवलं, आणि मोकळा पट्टा पाहून दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. लाल गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबरीनं सरळ धावत राहिली. गाडी थोडी तरी कलावी, एक वीत तरी, अशी गोपाळरावांनी मनातल्या मनात विनवणी केली.

"तुहं मशीन ट्रकसाठी हाये," परत आल्यावर ते म्हणाले. "ह्या गाडीले नाही चालत."

बंटीला राग आला नाही. गुरुजींना तो ओळखत होता. "मंग तुमच्या हातानं पाहा, काकाजी. तार लावून. तुम्हीच तर शिकवलं होतं आमाले."

येताना गाडी रितिकानं चालवली. गोपाळराव डाव्या सीटवर बसले आणि मान पूर्ण वळवून रस्त्याची कड बघत राहिले. वाडीपासून हुडकेश्वर रोडवरच्या घरापर्यंत, एवढ्या गर्दीतून, डावं चाक एकदाही मातीत उतरलं नाही. त्यांना तो प्रवास मुळीच आवडला नाही.

संध्याकाळी रितिकानं विषय काढला. देवकी तिथेच कोथिंबीर निवडत होती.

"बाबा, गाडी नाही ओढत. तुम्हालाही माहीत आहे."

"मले काय माहीत हाये ते मी सांगतो. मशीनवर माहा भरोसा नाही. उद्या सकाळी मी तार लावतो. एक मिलीमीटरचा फरक निघाला तरी तो मी काढीन आणि रविवारी तुही आई माह्या बाजूले बसन."

"आणि नाही निघाला तर?"

गोपाळराव उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"तर चाबी तुह्याजवळ," ते म्हणाले.

देवकीचे हात थांबले होते. ते पुन्हा चालू झाले, पण काड्या पानांत आणि पानं कचऱ्यात पडत होती. गोपाळरावांना भीती वाटत होती. गाडी ठीक निघाली तर मग बिघडलंय काय, इथपर्यंत विचार यायचा आणि ते उठून पाणी प्यायचे. त्या संध्याकाळी ते सात तांबे पाणी प्यायले.

तार लावणं म्हणजे गाडीच्या दोन्ही अंगांना चाकांच्या मध्याच्या उंचीवर एकेक दोरा ताणायचा, दोन्ही दोरे एकमेकांना समांतर करायचे, आणि दोऱ्यापासून चाकाची पुढची कड किती लांब, मागची किती, हे पट्टीनं मोजायचं. फरक दिसला की चाक तिरकं. नायलॉनचा दोरा चालतो. पण गोपाळरावांनी वडिलांची पेटी उघडली आणि खळ दिलेल्या पांढऱ्या सुताची लडी काढली. ते सूत ताणलं की झोलच खात नाही, ताठ उभं राहतं.

त्यांचे वडील शालिकराम गोळीबार चौकाजवळच्या गल्लीत हातमागावर लुगडी विणायचे. मागावर चढवण्याआधी सूत गल्लीभर लांब पसरायचं, त्याला खळ लावायची, आणि मग तुटलेली तार शोधायची. हजारो पांढऱ्या तारांत तुटलेली एक डोळ्यांना कुठली दिसायला! शालिकराम पोराला सुतापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "डोये मीट आन हात फिरव." लहानगा गोपाळ डोळे मिटून, बोटांची मागची बाजू सुतावरून हलकेच नेत चालायचा. जिथे बोटाला तार लागली नाही तिथे थांबायचा. त्याचं कधी चुकलं नव्हतं.

शनिवारी ऊन अंगणात उतरताच गोपाळराव कामाला लागले. चार प्लास्टिकचे स्टूल, त्यांवर वजनाला विटा. उजवी तार पुढच्या स्टुलापासून मागच्या स्टुलापर्यंत ताणून गाठ मारली. डाव्या तारेचं पुढचं टोक बांधलं आणि मागचं रितिकाच्या हातात दिलं.

"ओढून धर. मी मागून पाह्यतो, मंग सांगतो कुठं बांधायची."

ते गाडीच्या मागे, बरोबर मधोमध उभे राहिले. नंबरप्लेटच्या मध्यावर नजर रोखली. अशी नजर मधे ठेवली की दोन्ही बाजूंच्या तारा एकदम दिसतात, आणि कुठली तिरकी आहे ते लगेच कळतं. उजवी तार उन्हात लखलखत होती.

"तार सुटली," ते म्हणाले.

"नाही सुटली, बाबा. माझ्या हातात आहे."

"मंग तुटली असन मधेच."

"नाही तुटली. ताठ आहे."

गोपाळरावांनी मान डावीकडे वळवली. तार होती. पुढच्या स्टुलापासून रितिकाच्या मुठीपर्यंत अखंड, उजवीइतकीच लखलखीत. त्यांनी मान सरळ केली, नंबरप्लेटकडे पाहिलं. तार गेली. तिच्या जागी काळोख नव्हता, धूसरही नव्हतं. अंगण होतं, फरशी होती, सगळं जिथल्या तिथे, फक्त तार नव्हती. आणि रितिकाही नव्हती.

त्यांनी हे चार वेळा करून पाहिलं. रितिका तार तशीच ओढून धरून उभी होती.

मग गोपाळराव दोन पावलं डावीकडे सरकले. उजव्या हाताची बोटं पालथी केली, डोळे मिटले आणि हात पुढे नेला. बोटांना सूत लागलं. ते सुतावरून पुढे चालत गेले, मागच्या चाकापासून दारापर्यंत, दारापासून पुढच्या चाकापर्यंत, आणि बोट कुठेही थांबलं नाही. सहा-सात वर्षांचे असताना ते जसे चालायचे तसेच चालले. एकही तार तुटलेली नव्हती.

"बांध," ते म्हणाले.

घेतलेलं काम त्यांनी अर्धवट सोडलं नाही. खाली बसले, डोळ्यांसमोर पट्टी धरून मापं घेतली, रितिकानं लिहिली. डावं चाक, उजवं चाक, मिलीमीटरला मिलीमीटर सारखं. बंटीचं मशीन खरं बोललं होतं. वीस वर्षांपूर्वी मेहनतीनं उभी केलेली गाडी अजूनही तंतोतंत सरळ होती आणि ह्या गोष्टीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

देवकी दारात उभी होती. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. ती पायऱ्या उतरून आली, चटकन, कठड्याला हात न लावता, आणि त्यांच्याजवळ फरशीवर बसली.

"तुहे गुडघे," गोपाळराव म्हणाले.

"गुडघ्याले काही नाही झालं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. सायकलवाला आला तवा सांगतलं, डावीकडे पाहा म्हणून. खांबाच्या वक्ताले सांगतलं. तुम्ही म्हणे, गाडी ओढून राह्यली." तिनं पदरानं डोळे पुसले. "मले वाटलं, एवढ्यावर गाडी सुटन तुमची. आन मंग तुम्ही काय करसान? म्हणून मीच उतरली."

गोपाळरावांनी गाडीकडे पाहिलं. उजवी सीट त्यांची, डावी देवकीची. वीस वर्षं ती ज्या बाजूला बसली होती त्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं, आणि चार महिने ते तिला पुन्हा तिथेच बसवायला निघाले होते. सायकलवाला गाडीखाली आला असता. ट्रक असता तर त्यांच्या आधी ती गेली असती. हे सगळं त्यांना एकदम कळलं आणि ते बसल्या जागी रडले. रितिकानं दुसरीकडे पाहिलं नाही. ती जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली.

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या ओंजळीत ठेवली.

दुपारी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे एका पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं आणि दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं. गोपाळरावांनी भराभर बटणं दाबली, मग बराच वेळ काही दिसेना. त्यांना वाटलं यंत्र बंद पडलं. यंत्र चालूच होतं, डाव्या अंगाचे दिवे लागत होते. डोळ्यांतला दाब वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेला होता, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं तर रोज थेंब घालायचे, आणि गाडी चालवायची नाही. गोपाळरावांनी ह्या खेपेला यंत्राशी वाद घातला नाही.

रविवारी सकाळी लाल गाडी रितिका घेऊन निघाली. डाव्या सीटवर फळांची टोपली आणि साक्षगंधाचं सामान ठेवलं होतं. गोपाळरावांनी देवकीला त्या सीटवर बसायचा आग्रह केला. पोरीच्या हातात गाडी सरळ चालते, सुखानं जाशील, म्हणाले. देवकीनं सामान उचलायला नकार दिला.

"मी तुमच्यासंगं बसनंच येतो," ती म्हणाली.

दिघोरी नाक्यावर उमरेडची बस मिळाली. डाव्या बाजूचा दोघांचा बाक रिकामा होता. देवकी नेहमीप्रमाणे आधी शिरली आणि खिडकीशी बसली. लग्नापासून खिडकी तिचीच. गोपाळराव तिच्याशेजारी टेकले, समोर बघत राहिले, मग चुळबुळ करू लागले, मग उभे राहिले.

"आता काय झालं?" देवकी म्हणाली.

"तू इकडून बस. खिडकीत मी बसतो."

"काहून? मले हवा लागते."

बस सुटली. गोपाळराव वरचा दांडा धरून उभेच राहिले.

"तिकडं बसली का, तू मले दिसत नाही," ते म्हणाले.

देवकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, त्यांना आत सरकू दिलं आणि त्यांच्या उजव्या हाताला बसली. कंडक्टर येत होता, म्हणून तिनं पिशवीतून सुटे पैसे काढले.